उलट अनुमापन

एखाद्या पदार्थाचे थेट अनुमापन न करता, त्यात ज्ञात संहतीचे विक्रियाकारक मोजून परंतु गरजेहून अधिक घालावयाचे, आणि विक्रिया पुरती झाल्यावर त्यातील जे शिल्लक राहील तेवढ्याचेच दुसऱ्या प्रमाण द्रावणाने अनुमापन करून मूळ पदार्थाचे प्रमाण ठरवावयाचे, या विश्लेषण-पद्धतीस उलट अनुमापन म्हणतात. जमा आणि शिल्लक ठाऊक असली की खर्च वजाबाकीने निघतो, हे तिचे सारे मर्म होय. पदार्थ पाण्यात अविद्राव्य असेल, विक्रिया अंतिम बिंदूच्या सुमारास रेंगाळत असेल, पदार्थ उडून जाणारा असेल किंवा योग्य दर्शक उपलब्ध नसेल, तेव्हा या वळणाच्या वाटेचा अवलंब करणे भाग पडते.

शालेय प्रयोगशाळेस सर्वांत सोयीचे उदाहरण अंड्याच्या कवचाचे. आतील पापुद्रा काढून वाळविलेल्या कवचाची १.०० ग्रॅम पूड ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लाच्या ५०.० मिलि. द्रावणात, म्हणजे २५.० मिलिमोल अम्लात, विरघळविली. बुडबुडे थांबल्यावर द्रावण उकळून, थंड करून, ऊर्ध्वपातित पाण्याने २५० मिलि. केले, आणि पिपेटने शंकुपात्रात घेतलेल्या त्यातील २५ मिलि. भागास फिनॉल्फथॅलीनची फिकट गुलाबी छटा येईपर्यंत ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ६.२ मिलि. लागले, असे समजू. या भागात ०.६२, म्हणून एकंदर द्रावणात ६.२ मिलिमोल अम्ल शिल्लक होते, खर्च १८.८ मिलिमोल. कॅल्शियम कार्बोनेटाच्या एका रेणूस अम्लाचे दोन रेणू लागत असल्याने कार्बोनेट ९.४ मिलिमोल, अर्थात ०.९४ ग्रॅम, म्हणजे शेकडा ९४ भरले. (परीक्षेत चूक बहुधा रसायनाची नसते, दहाने गुणावयाचे राहून जाते.) उकळण्याची तसदी मात्र निरर्थक नव्हे : द्रावणात कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड अल्क खातो, शिल्लक अम्ल फुगवून दाखवितो आणि कार्बोनेट कमी भरते.

या पद्धतीचा खरा दोष असा की अम्ल किती खर्च झाले हे ती चोख सांगते, कोणी खर्चिले हे सांगत नाही. कवचातील थोडेसे मॅग्नेशियम कार्बोनेटही कॅल्शियमच्याच खाती पडते. शिवाय अम्ल बेसुमार घातल्यास खर्चाचा आकडा दोन मोठ्या राशींतील लहानसा फरक ठरतो आणि ब्युरेट वाचण्यातील किरकोळ चूक त्यावर भारी पडते. म्हणून नमुना न घालता, बाकी सर्व कृती तशीच करून एक कोरे अनुमापन करावे व दोन्ही वाचनांच्या फरकावरून खर्च काढावा, हा शिरस्ता आहे.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नायट्रोजन-मापनाच्या पद्धतीतही हेच तत्त्व उपयोगी पडते. धान्यादी पदार्थातील नायट्रोजनाचा अमोनिया करून तो मोजून घेतलेल्या अम्लात शोषवितात व उरलेल्या अम्लाचे अनुमापन करतात. खर्च झालेले ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लाचे प्रत्येक मिलि. सुमारे १.४ मिलिग्रॅम नायट्रोजन दर्शविते.

याकोब फोलहार्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८७४ च्या पद्धतीत क्लोराइडावर नायट्रिक अम्लाच्या सान्निध्यात जादा सिल्व्हर नायट्रेट घालून उरलेले चांदीचे आयन थायोसायनेटाने मोजतात. फेरिक लवणामुळे येणारा तांबडा रंग अंतिम बिंदू दाखवितो. परंतु सिल्व्हर थायोसायनेटाहून सिल्व्हर क्लोराइड अधिक विद्राव्य असल्याने साका तसाच ठेवल्यास तोही थायोसायनेट खातो, आलेला रंग विरतो आणि क्लोराइड कमी भरते. यास्तव साका आधी गाळून काढतात. ब्रोमाइड व आयोडाइड यांच्या बाबतीत ही खबरदारी घ्यावी लागत नाही.