डार्करूम खिशात मावते तेव्हा : पोलरॉइड एसएक्स-७०

'रोल धुवायला टाकलाय' हे वाक्य आजच्या कॉलेजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. छत्तीस फोटो संपायला दोन-तीन सण जायचे, मग रोल स्टुडिओत द्यायचा, आणि चार दिवसांनी कळायचं की ग्रुप फोटोत नेमके काकांचे डोळे मिटलेत!

त्याआधीच्या पिढीकडे जत्रेतला मिनिट कॅमेरावाला होता. तीन पायांवर लाकडी खोकं आणि मागे काळा कपडा. तो आत हात घालून तिथेच कागद धुवायचा. आधी कागदावर निगेटिव्ह, मग त्या निगेटिव्हचाच पुन्हा फोटो काढून पॉझिटिव्ह. म्हणजे खोक्यात अख्खी डार्करूमच की!

हीच डार्करूम कोटाच्या खिशात मावेल एवढी करणारा माणूस म्हणजे एडविन लँड. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेला, आणि नावावर ५३५ अमेरिकन पेटंट. १९४३ मध्ये सुट्टीवर असताना त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? (क्लायंटने अशी रिक्वायरमेंट दिली तर आपण 'नॉट फीजिबल' लिहून मोकळे होतो.) फेब्रुवारी १९४७ मध्ये लँडने न्यूयॉर्कला प्रात्यक्षिक दाखवलं आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिला कॅमेरा बोस्टनच्या दुकानात ८९.७५ डॉलरला विकायला आला.

पण त्यात एक कटकट होती. मिनिटभर थांबून फोटो आणि निगेटिव्ह एकमेकांपासून सोलून काढावे लागत, आणि तो चिकट कागद फेकायचा कुठे, हा प्रश्न असे. १९६३ मध्ये रंग आले, पण सोलणं काही सुटलं नाही.

ते सुटलं १९७२ मध्ये, एसएक्स-७०मुळे. घडी घातली की जाडजूड पाकिटासारखा चपटा. उघडला की चक्क एसएलआर, म्हणजे भिंगातून जे दिसतं तेच फोटोत येतं. फोकस साधारण दहा इंचांपर्यंत जवळ. बटण दाबलं की मोटर फोटो बाहेर ढकलते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : बॅटरी कॅमेऱ्यात नाही, दहा फोटोंच्या फिल्मच्या पाकिटात! नवं पाकीट घातलं की नवी बॅटरी आपोआप आली.

आता खरी गंमत. फोटो भर उन्हात बाहेर येतो, तरी त्याला प्रकाश लागून तो खराब का होत नाही? याचं उत्तर सांगलीच्या माणसाला पटकन कळेल, कारण ते हळदीत आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, वर लिंबू पिळलं की परत पिवळी. लँडच्या टीमने नेमका असाच रंगद्रव्यांचा खेळ केला. फोटो रोलरमधून जाताना कडेची छोटी पुडी फुटते आणि अल्कलीयुक्त लेप आत पसरतो. त्यातली रंगद्रव्यं अल्कलीत गडद असतात, म्हणून प्रकाश आत शिरत नाही. तोच त्यांचा काळा कपडा! आतला आम्लाचा थर हळूहळू अल्कली मारतो, तशी ती रंगद्रव्यं पारदर्शक होतात आणि चित्र वर येतं. (फोटो हलवून तो लवकर वाळतो, हा निव्वळ गैरसमज.)

किंमत १८० डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण साडेतेराशे रुपये. १९७२ म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचं साल. माण, खटाव, आटपाडीत माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्यांच्यासाठी ही रक्कम कित्येक महिन्यांची मजुरी. एकाच सालाची ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा.

पुढे कोडॅकनेही झटपट फोटोचा कॅमेरा काढला. पोलरॉइडने १९७६ मध्ये पेटंटचा दावा ठोकला, आणि १९८६ मध्ये कोडॅकला त्या धंद्यातून बाहेर पडावं लागलं. पण कोर्टात जिंकलेली कंपनी डिजिटलपुढे हरली. २००१ मध्ये दिवाळखोरी, २००८ मध्ये फिल्म बंद करत असल्याची घोषणा.

इथून पुढचा भाग आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या कारखान्यातली यंत्रं काही वेड्यांनी विकत घेतली आणि प्रकल्पाचं नावच ठेवलं 'इम्पॉसिबल'. यंत्रं होती, जुने कामगार होते, पण लागणारी कित्येक रसायनं बनवणंच जगात बंद झालं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड हातात आहे, पण तो ज्या लायब्ररींवर चालतो त्याच गायब! फिल्म जवळजवळ नव्याने शोधावी लागली. २०१० मध्ये ती बाजारात आली, तेव्हा रंग फिके आणि डाग पडलेले. आज पोलरॉइड नावाने मिळते ती हीच फिल्म. पाकिटात आठ फोटो, आणि रंगीत चित्र पूर्ण यायला दहा-पंधरा मिनिटं. मूळ फिल्म यापेक्षा कितीतरी झटपट होती. शिवाय तिला १३ ते २८ अंश तापमान मानवतं. म्हणजे महाबळेश्वरला खूष, सांगलीच्या मे महिन्यात रंगांची बोंब.

एखादं तंत्र एकदा शोधलं की ते कायमचं आपलं झालं, असं आपण धरून चालतो. पण ते कागदावरच्या पेटंटमध्ये कमी आणि करणाऱ्यांच्या हातात जास्त असतं. जत्रेतल्या त्या खोक्यात हात घालून अंदाजाने कागद धुणाऱ्याकडेही असंच ज्ञान होतं. एन्स्खेडेला वेळेवर पोहोचणारं कुणीतरी होतं. आपल्या गावातला म्हातारा फोटोग्राफर अजून असेल, तर या रविवारी त्याच्याकडे जा आणि विचारा, काका, तुम्ही हे नक्की कसं करत होता?