रिकामी सीट

परवा कपाट आवरता आवरता साइडस्वाइप हाताला लागला. जुन्याच डिझाइनची नवी आवृत्ती. लाल लॅम्बोर्गिनी काउंटॅश, तळहाताएवढी. रोबो म्हणून अगदीच ठोकळा, गुडघेही वाकत नाहीत. पण गाडीचं दार उघडलं तर आत सीट! आता सांगा, जो रोबो स्वतःच जिवंत आहे त्याला ड्रायव्हर कशाला?

तर ही भानगड जपानची. ताकारा कंपनीने १९८० मध्ये डायक्लोन नावाची खेळणी काढली. त्यात रोबो म्हणजे नुसतं यंत्र, ते चालवायला पायात लोहचुंबक असलेली इवलीशी माणसं. १९८२ मध्ये आलेल्या कार रोबोंतही तीच बसायची. ताकाराच्याच मायक्रोमॅन मालिकेचे हिरो मात्र मुठीत मावणारे. म्हणून १९८३ मध्ये त्यांच्यासाठी आपल्या वापरातल्या वस्तूच रोबो झाल्या: पिस्तूल, कॅसेट प्लेयर.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्हींची मोट बांधली. गोष्ट मार्व्हलने रचली. मेगाट्रॉनसकट बहुतेकांची नावं बॉब बुडियान्स्की यांची. कॅसेट प्लेयर गाडीपेक्षा मोठा कसा, हा मला बग वाटायचा. खरं तर लेगसी कोड! :)

माणसं मात्र गाळली, रोबो जिवंत केले. माझ्या मते खरी कमाल तीच. १९८६ च्या सिनेमात नव्या खेळण्यांना जागा करायला ऑप्टिमस प्राइमला मारलं, तर पोरं थिएटरात रडली. १९८७ मध्ये कार्टूनमध्ये त्याला परत आणावं लागलं.

असो. कपाट अजून तसंच पडलंय.