गर्भातला दुष्काळ

येरळेच्या काठचे वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. पर्जन्यछायेतील हा मुलूख मराठी वाचकाला माणदेशाचा शेजारी म्हणून परिचित आहे; व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ज्या अवर्षणात उठून जाते, त्याची झळ येथेही पिढ्यानपिढ्या लागलेली. अशा प्रदेशाच्या संदर्भात हृदयविकार आपल्याला सहसा आठवत नाही. तो सुखवस्तूंचा, तुपासाखरेचा आजार, अशी समजूत आपल्या बोलण्यात आणि लेखनातही रुजली आहे. तिचा फेरविचार करायचा तर आरंभ सुबत्तेपासून नव्हे, दुष्काळापासून करावा लागतो.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेसे ठरवले. या कपातीविरुद्ध पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्याचे आवाहन करणाऱ्या जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे याच खटाव तालुक्यातील कटगुणचे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाद होता तो मजूर जगेल किती धान्यावर, याचा. पौंडाच्या त्या हिशेबात गरोदर मजुरणीच्या पोटातील जिवाचा वाटा धरलेला नव्हता.

हा वाटा मोजला गेला तो शतकानंतर. १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासल्या. जन्मतः आणि पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन कमी होते, अशा पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू अधिक आढळले. त्याचा अर्थ असा लावला गेला, की अन्न अपुरे पडले की गर्भ आपल्या मेंदूचा वाटा राखतो आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाढीत काटकसर करतो. टंचाईसाठी बेतलेल्या या देहाला पुढे भरपेट अन्न मिळाले, की साखर व रक्तदाब चढतात आणि रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचू लागतो.

महाराष्ट्रात या विचाराला निराळे वळण मिळाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण हाडामासाने किरकोळ असलेल्या या बाळांच्या अंगावर त्या मानाने चरबी टिकून होती. ज्या माता दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे आकाराने मोठी निघाली. म्हणजे प्रश्न केवळ भाकरीच्या संख्येचा नव्हता. पुढे पुष्कळ मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही दिसली. २००४ मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२. डोळ्यांना दिसणारा बारीकपणा फसवा असू शकतो.

यावरून १८७७ ची उपासमार आजच्या झटक्याचे कारण ठरत नाही. तंबाखू, मीठ, तेल आणि बैठेपण यांचा भाग आहेच. परंतु १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या आयांची मुले आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांच्या ताटात ज्वारी-बाजरीच्या जागी गहू, तांदूळ आणि साखर आली आहे. त्यांच्यापैकी कुणाची छाती दुखली, तर ‘खाण्यावर ताबा नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. खाण्याचा दोष शोधायचाच असेल, तर त्यांच्या आईच्या ताटात काय नव्हते, हेही विचारले पाहिजे. दुष्काळाच्या इतिहासात मृतांची गणना असते. वाचलेल्यांच्या देहांवर त्याने काय लिहून ठेवले, तो अध्याय अद्याप अपुरा आहे.