पर्याय अनेक, पसंती एक

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे, हा त्यामागील हेतू होता. मतदाराच्या हाती मात्र शिक्का एकच. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. उमेदवारांची गर्दी ओसरली, पेच उरलाच. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या दोन गटांचे उमेदवार आमनेसामने आले आणि समितीच्या पदरी एकही जागा पडली नाही. समविचारी पर्याय दोन झाले की मते विभागतात, हे सीमाभागाने असे अनुभवले.

या पेचाचा शास्त्रशुद्ध विचार अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला. बोर्दा यांनी पसंतीच्या क्रमानुसार गुण द्यावेत असे सुचविले. काँदोर्से यांनी १७८५ च्या ग्रंथात प्रत्येक पर्यायाची इतर प्रत्येकाशी जोडीने तुलना करण्याचा मार्ग मांडला. एकोणिसाव्या शतकात तिसरी रीत रुजली : सर्वांत कमी मतांचा पर्याय गाळावा आणि त्याची मते मतदाराच्या पुढील पसंतीकडे वळवावीत. विधानपरिषदेच्या पदवीधर मतदारसंघात १, २, ३ असे अंक लिहिणाऱ्या बेळगावकरांना ही रीत परकी नाही.

माणसांप्रमाणे आकृतिबंधांची निवडही याच रीतीने होऊ शकते. न्यूझीलंडने नव्या राष्ट्रध्वजासाठी जनतेकडून आराखडे मागविले, तेव्हा दहा हजारांहून अधिक आले. त्यांतून निवडलेल्या पाच ध्वजांवर २०१५ च्या अखेरीस पसंतीक्रमाने मतदान झाले. त्यांपैकी दोन ध्वजांची रचना एकच, रंग तेवढे वेगळे. पहिल्या पसंतीत तांबडा-पांढरा-निळा ध्वज ४१.६४ टक्के मतांनी पुढे होता; काळा-पांढरा-निळा ४०.१५ टक्क्यांवर. इतर ध्वज गळत जाऊन त्यांची मते वळली, तेव्हा काळा ध्वज ५०.५८ टक्के मतांनी विजयी ठरला. एकाच शिक्क्याने मतदान झाले असते आणि पहिली पसंती हेच मत मानले असते, तर निकाल उलटा लागता.

तथापि कथा येथे संपत नाही. मार्च २०१६ मध्ये या विजयी ध्वजाची गाठ जुन्या ध्वजाशी पडली आणि ५६.६ टक्के मतदारांनी जुनाच ध्वज राखला. समोर ठेवलेल्या नव्या पर्यायांतील सर्वमान्य कोणता, एवढेच पसंतीक्रम सांगतो. मुळात बदल हवा की नको, हा प्रश्न वेगळाच विचारावा लागतो.

मत विभागले म्हणून समाज विभागला असे नव्हे. पुष्कळदा त्याला आपली दुसरी पसंती सांगण्याची संधीच मिळालेली नसते. जेथे अनेकांची मने सांभाळून एक निर्णय घ्यावयाचा असतो, त्या प्रत्येक संस्थेने हे ध्यानी ठेवणे हिताचे आहे.