डोंगर तोच, विमान दुसरं: सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिमच्या मुळाशी असलेली एक गोष्ट

विमान वाहतुकीतल्या सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिमवर (पुढे एसएमएस म्हणते) कुठलंही प्रेझेंटेशन उघडा, पहिल्याच स्लाइडवर चार खांब दिसतात: धोरण, जोखीम व्यवस्थापन, खातरजमा आणि प्रसार. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हे पाठ केलं होतं. कळलं मात्र नव्हतं. कळलं ते १९७४ चा एक अपघात नीट वाचला तेव्हा.

१ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं फ्लाइट ५१४, बोईंग ७२७, ओहायोतल्या कोलंबसहून वॉशिंग्टनला निघालं होतं. तिथल्या नॅशनल विमानतळावर आडवा वारा जोराचा, म्हणून ते डलेसकडे वळवलं. धावपट्टी अजून चाळीसहून जास्त मैल दूर असताना कंट्रोलरने 'अप्रोचसाठी मोकळीक' दिली. वैमानिकांना वाटलं, आता १८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, डोंगर असता तर कंट्रोलरने सांगितलं असतं. कंट्रोलरच्या मते मात्र उंची सांभाळणं हे वैमानिकांचं काम होतं. एकच वाक्य, दोन अर्थ. त्यातही चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे नकाशावरचा ३४०० फुटांचा आकडा कॅप्टनच्या नजरेला पडला होता. कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं. पण मोकळीक मिळाली आहे म्हणजे उतरता येतं, असंच शेवटी ठरलं. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं. ९२ जण होते, कुणीही वाचलं नाही.

चूक कुणाची, यावर तपास मंडळातही एकमत झालं नाही. पण मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान याच अप्रोचवर, याच गैरसमजातून, याच डोंगराला धडकता धडकता वाचलं होतं. युनायटेडमध्ये असे प्रसंग कळवायची अंतर्गत सोय होती. वैमानिकांनी कळवलं आणि कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावध केलं. माहिती होती, पण ती कंपनीच्या भिंतीबाहेर टीडब्ल्यूएच्या कॉकपिटपर्यंत पोचली नाही.

मग उपाय सोपा वाटतो ना? सगळ्यांसाठी एकच नोंद-व्यवस्था काढा. अमेरिकेच्या एफएएने १९७५ मध्ये तशी काढलीही. पण जो लायसन्स देतो आणि काढूनही घेतो, त्याच्याकडे जाऊन 'माझं चुकलं' कोण सांगेल? (आमच्या लॅबमध्ये सांडलेल्या ॲसिडची गोष्ट चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळते, गाइडना सोडून. तसंच आहे हे.) म्हणून काम त्रयस्थाकडे गेलं: नासाकडे. नासाला दंडही करता येत नव्हता आणि लायसन्सही काढून घेता येत नव्हतं. एप्रिल १९७६ मध्ये एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम, म्हणजे एएसआरएस, सुरू झाली. तिची रचना करण्यात नासाच्या एम्स केंद्रातले डॉक्टर चार्ल्स बिलिंग्ज यांचा मोठा वाटा होता.

तिची खुबी तपशिलात आहे. फॉर्मवरची नाव-पत्त्याची पट्टी कापून पाठवणाऱ्यालाच परत करतात. तीच त्याची पोच. प्रसंगानंतर दहा दिवसांत कळवलं आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर एफएए सहसा शिक्षा लावत नाही. अपघात आणि गुन्हे मात्र या संरक्षणात बसत नाहीत. आजवर दहा लाखांहून जास्त नोंदी आल्या आहेत.

पुढे आयसीएओने निरनिराळ्या परिशिष्टांत विखुरलेले एसएमएसचे नियम परिशिष्ट १९ मध्ये एकत्र आणले. ते १४ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झालं. सुरक्षेसाठी दिलेल्या माहितीचं संरक्षण हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. 'जोखीम व्यवस्थापन' हा खांब उभा राहतो तो असल्या नोंदींवर. कुणी सांगितलंच नाही, तर जोखमीच्या तक्त्यात भरणार काय?

आता तुम्ही हा डेटा प्रबंधात वापरणार असाल तर एक सूचना. एएसआरएसच्या नोंदी मोजून 'अमुक धोका इतक्या टक्क्यांनी वाढला' असं लिहू नका. नोंद स्वेच्छेने येते. आकडा वाढला म्हणजे धोका वाढला असेल, किंवा लोकांचा विश्वास वाढला असेल, किंवा नुसती चर्चा वाढली असेल. त्या आकड्यावरून यातलं नेमकं काय झालं ते वेगळं काढता येत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मी असाच एक चढता आलेख मोठ्या हौसेने घातला होता. गाइडनी त्यावर लाल पेनाने एकच प्रश्न लिहिला: 'छेद कुठे आहे?' एकूण उड्डाणं किती आणि न कळवलेले प्रसंग किती, यातलं दुसरं कुणालाच माहीत नसतं. आलेख काढून टाकला आणि नोंदींमधली वर्णनं एकेक करून वाचायला बसले.