फोटोसेटची मागची बाजू

रॅमसेंच्या हिंदी भयपटांतल्या भुतांचे जुने प्रसिद्धी-फोटो मी जमवतो. हातात आलेला फोटो मी आधी उलटा करतो. मागे वितरकाचा जांभळा शिक्का असतो, पेन्सिलीने घातलेला सेट-नंबर असतो, एखाद्या मागे टॉकीजचं नावही असतं.

चित्रपट वितरणाचा हा धंदा मी आतून पाहिला आहे. सी.पी. बेरार या वितरण-सर्किटच्या कचेऱ्या अमरावतीत आणि भुसावळात होत्या. भुसावळ जंक्शन असल्यामुळे रिळांची पेटी तिथून अकोला, मलकापूर, खामगाव कुठेही रेल्वेने धाडता यायची. पेटीबरोबर पब्लिसिटीचं बाड जायचं. त्यात पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका आणि पुठ्ठ्यावर डकवलेले फोटो असत. टॉकीजवाला ते काचेच्या कपाटात टाचून ठेवायचा आणि चित्रपट उतरला की सेट परत यायचा, पुढच्या गावाला जायचा. म्हणून माझ्याकडच्या एकेका फोटोच्या चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोकंच भोकं आहेत, गंजलेली. ज्या फोटोला भोकं जास्त, तो जास्त हिंडलेला.

रॅमसे कुटुंब मूळचं रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर ते मुंबईत आले. वडील एफ. यू. रॅमसे निर्माते झाले आणि त्यांनी १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ काढला. दिग्दर्शक विश्राम बेडेकर, ‘रणांगण’ कादंबरी लिहिणारे आपले बेडेकर! १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’चे दिग्दर्शकही तेच. तो चित्रपट पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक घाबरत होते, हे रॅमसेंच्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. रॅमसेंचा भयपटांचा धंदा त्या एका प्रसंगातून उभा राहिला, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मला त्याची एक ओळही सापडली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. सगळं कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला गेलं. भाऊ सात. कुणी पटकथा लिहायचा, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी ध्वनी सांभाळायचा, कुणी संकलन करायचा, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करायचे. सेट उभारायला पैसा नव्हता, म्हणून खऱ्या वास्तू शोधायच्या. पुढे मुरुडचा नवाबाचा राजवाडाही त्यांच्या चित्रपटांत आला.

खर्च वाचवायचा म्हणून मोठा नट घ्यायचा नाही, आणि मोठा नट नाही तर काचेच्या कपाटात लावायचं काय? भुताचा चेहरा. पडद्यावर तो अंधारात, क्षणभर दिसायचा. कपाटात मात्र आठवडाभर, दिवसाढवळ्या, शाळेत जाणाऱ्या पोरांनाही फुकट. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. त्यातला सामरी, म्हणजे अजय अगरवाल, शिकलेला इंजिनियर. अंगाने उंच, चेहरा लांबट आणि हाडं वर आलेली. माझ्याकडच्या फोटोत त्याच्यावर समोरून लख्ख उजेड आहे, त्यामुळे कपाळावर मेकअप कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ती रेघसुद्धा दिसते. चित्रपटाने जे झाकलं ते फोटोवाल्याने टिपून ठेवलं. त्या माणसाच्या कामाला मी फार मान देतो. पोस्टरवर चित्रकाराची सही कधी कधी सापडते, माझ्याकडच्या एकाही फोटोवर फोटोवाल्याचं नाव नाही.

कृष्णधवल फोटो टिकतात, कारण त्यांत चांदी असते. रंगीत फोटोंचं तसं नाही. त्या काळच्या रंगीत कागदावरचा आकाशी रंग बंद पेटीतही आधी उडतो आणि उरतं ते लालसर चित्र. रॅमसेंच्याच ‘वीराना’चे माझे फोटो असेच तांबडे झाले आहेत. लोक म्हणतात, भुताला शोभतं. मला ते पाहवत नाही. अ‍ॅसिड नसलेल्या कागदात गुंडाळून, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या कपाटात ते ठेवले आहेत, पण गेलेला रंग त्याने परत येत नाही.

व्हिडिओने गावोगावच्या टॉकीज रिकाम्या केल्या आणि डिजिटल आल्यावर पेटीच संपली. वितरकांच्या कचेऱ्यांतलं बाड किलोवर रद्दीत गेलं. त्यातलं थोडं मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर पोचलं. आता सामरीला गिऱ्हाईक आहे. पण भिंतीवर नीट दिसावा म्हणून भोकं पडलेल्या कडा कापतात, पुठ्ठा सोलून काढतात, आणि शिक्का त्या पुठ्ठ्याबरोबर कचऱ्यात जातो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांचे फोटो, पोस्टर, पुस्तिका जपतात. पण खामगावच्या कुठल्या टॉकीजला कुठला सेट गेला होता हे त्या सोललेल्या पुठ्ठ्यावरच लिहिलेलं होतं.

बेडेकरांच्या त्या १९७० च्या चित्रपटाचा पुरा सेट मी अजून शोधतो आहे. विदर्भात कुणाच्या माळ्यावर मुखवट्यातल्या पृथ्वीराजचा फोटो असेल तर तो फ्रेम करायला देऊ नका. आधी मागची बाजू वाचा आणि मला सांगा.