तार्किक खंड व्यवस्थापन (लिनक्स)

तार्किक खंड व्यवस्थापन (प्रचलित लघुरूप : एलव्हीएम) ही लिनक्स संचालन प्रणालीत डिस्कवरील साठवणजागेची वाटणी करण्याची एक पद्धत होय. या पद्धतीत डिस्कचे कायमचे तुकडे पाडण्याऐवजी सर्व जागा एका सामाईक साठ्यात घेतली जाते आणि त्या साठ्यातून गरजेप्रमाणे लहानमोठे ‘तार्किक खंड’ काढले जातात. हे खंड पुढे वाढवता येतात, काही अटींवर कमी करता येतात आणि एका डिस्कवरून दुसरीवर हलवताही येतात. संगणकावर लिनक्स बसवताना ही पद्धत निवडायची की नाही, हा प्रश्न बहुतेक वितरणांत सुरुवातीलाच विचारला जातो. त्या वेळी दिलेले उत्तर नंतर बदलणे अवघड असल्यामुळे त्याचा अर्थ आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

पारंपरिक विभाजन व त्याची अडचण

डिस्क म्हणजे क्रमाने मांडलेल्या सेक्टरांची एक लांबलचक ओळ. पारंपरिक पद्धतीत या ओळीवर अमुक सेक्टरापासून तमुक सेक्टरापर्यंत एक विभाग, तेथून पुढे दुसरा, अशा सीमा आखतात. या सीमांची नोंद डिस्कच्या आरंभीच्या विभाजन तक्त्यात असते. जुन्या एमबीआर प्रकारच्या तक्त्यात चारच प्राथमिक विभाग मावतात आणि ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क असेल तर सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा त्याला मोजता येत नाही. नंतर आलेल्या जीपीटी तक्त्यात साधारणपणे १२८ विभागांची सोय असते. मात्र दोहोंतही एक अट समान आहे : विभागाची जागा सलग असली पाहिजे.

अडचण येथेच आहे. पांढरकवडा परिसरातील कापसाच्या शेतीचे उदाहरण घेता येईल. एका शेताचे धुरे घालून तीन तुकडे केले (विदर्भाबाहेर ज्याला बांध म्हणतात, तोच धुरा) आणि पुढे मधल्या तुकड्याला जमीन अपुरी पडू लागली, तर धुरा सरकवावा लागतो. पण पलीकडे शेजाऱ्याचे पीक उभे असते. डिस्कवरही तसेच होते. मधला विभाग वाढवायचा तर त्यापुढील विभागातील सगळा मजकूर उचलून पुढे न्यावा लागतो. या कामाला कित्येक तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली, तर दोन्ही विभागांतील मजकूर धोक्यात येतो.

शिवाय कोणत्या विभागाला किती जागा लागेल याचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधावा लागतो. शाळेच्या संगणक कक्षात प्रणालीसाठी २० गिगाबाइट पुरेसे वाटतात. दोन वर्षांनी अद्ययावतीकरणे साचून तो विभाग भरतो, आणि विद्यार्थ्यांच्या फाइलींसाठी राखलेला मोठा विभाग मात्र अर्धाअधिक रिकामाच राहतो.

रचना

तार्किक खंड व्यवस्थापनात डिस्क आणि फाइल प्रणाली यांच्यामध्ये तीन थर असतात.

पहिला थर भौतिक खंडांचा (लघुरूप पीव्ही). संपूर्ण डिस्क किंवा तिचा एखादा विभाग या कामासाठी नेमून दिला की त्याला भौतिक खंड म्हणतात. एक किंवा अधिक भौतिक खंड एकत्र करून खंडगट (व्हीजी) तयार होतो. हाच सामाईक साठा. खंडगटातून काढलेल्या हिश्श्याला तार्किक खंड (एलव्ही) म्हणतात. फाइल प्रणाली याच तार्किक खंडावर मांडली जाते आणि वापरकर्त्याला तो एखाद्या सामान्य विभागासारखाच दिसतो.

सर्व हिशेब ‘एक्स्टेंट’ या एककात चालतो. वेगळे काही सांगितले नाही, तर एक एक्स्टेंट ४ मेगाबाइटचा असतो. ५०० गिगाबाइटची म्हणून विकली जाणारी डिस्क पूर्णपणे खंडगटात घेतली, तर तिचे सुमारे १ लाख १९ हजार एक्स्टेंट होतात. कोणता एक्स्टेंट कोणत्या तार्किक खंडाच्या नावावर आहे याची एक नोंदवही प्रत्येक भौतिक खंडाच्या आरंभी ठेवलेली असते. शेतीच्याच भाषेत बोलायचे तर येथे धुरे नाहीत. गुंठ्यागुंठ्यांत मोजलेली जमीन आणि तिचा सातबारा तेवढा आहे. एका खातेदाराचे गुंठे शेतात चार ठिकाणी विखुरलेले असले तरी बिघडत नाही, कारण मालकी ठरते ती नोंदीवरून. म्हणूनच खंड वाढवताना शेजारच्या खंडाला हात लावावा लागत नाही. साठ्यातील कोठलेही मोकळे एक्स्टेंट त्याच्या नावावर चढवले की काम होते.

एमबीआर तक्त्यातील ‘लॉजिकल पार्टिशन’ आणि येथील ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावातील साम्यामुळे विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. पहिला हा विस्तारित विभागाच्या पोटात आखलेला साधा, सलग विभागच असतो.

इतिहास

खंड व्यवस्थापनाची कल्पना लिनक्सच्या आधी व्यावसायिक युनिक्स प्रणालींत रुजली होती. हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्स या प्रणालीतील व्यवस्थापकाच्या धर्तीवर लिनक्ससाठी पहिली आवृत्ती लिहिली. २००१ मधील २.४ या लिनक्स गाभ्यात ती समाविष्ट झाली. डिसेंबर २००३ मधील २.६ या गाभ्यात ‘डिव्हाइस मॅपर’ हा नवा पाया आला. आज वापरात असलेली दुसरी आवृत्ती, एलव्हीएम-२, त्यावरच उभी आहे.

मराठीतून प्रस्थापना

लिनक्स बसवण्याची प्रक्रिया, आणि तिच्यातील तार्किक खंडांची मांडणीही, मराठीतून करता येते. १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन ५.० या आवृत्तीच्या प्रस्थापना कार्यक्रमात मराठीची भर पडली. त्या आवृत्तीत एकूण ६३ भाषा होत्या. त्यांपैकी १३ भाषा केवळ चित्रमय पद्धतीतच उपलब्ध होत्या आणि मराठी त्यांत होती. लिनक्सच्या साध्या मजकूर पडद्याला देवनागरीची जोडाक्षरे व काने-मात्रा नीट मांडता येत नाहीत, हे त्याचे कारण. म्हणून मराठी हवी असल्यास आरंभीच्या यादीत चित्रमय प्रस्थापनेचा पर्याय निवडावा लागतो. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

डेबियनमध्ये डिस्क वाटणीच्या टप्प्यावर मुख्यतः चार मार्ग दिसतात : संपूर्ण डिस्क मार्गदर्शनासह वापरणे, संपूर्ण डिस्क तार्किक खंडांसह वापरणे, कूटबद्ध तार्किक खंडांसह वापरणे, आणि सर्व काही स्वतःच्या हाताने ठरवणे. यांपैकी पहिल्या तिन्हींत ‘संपूर्ण डिस्क’ या शब्दांचा अर्थ अक्षरशः घ्यावा. डिस्कवर आधीची विंडोज आणि तिच्यातील छायाचित्रे, हिशेब, निकालपत्रके असतील, तर ती सर्व जातात. विंडोज ठेवायची असल्यास प्रथम विंडोजमधूनच तिचा विभाग लहान करून जागा मोकळी करावी व नंतर चौथ्या मार्गाने त्या मोकळ्या जागेपुरताच भौतिक खंड बनवावा. विंडोजला तार्किक खंडांतील मजकूर स्वतःहून वाचता येत नाही. दोन्ही प्रणालींतून लागणाऱ्या फाइली त्यामुळे खंडगटाबाहेर ठेवाव्या लागतात.

आणखी एक बाब येथे ठळकपणे सांगणे भाग आहे. साध्या विभाजनात आखलेले बदल शेवटच्या होकारापर्यंत केवळ संगणकाच्या स्मृतीत राहतात आणि मागे फिरता येते. तार्किक खंड आखण्यापूर्वी मात्र मूळ विभाजन तक्ता डिस्कवर प्रत्यक्ष लिहावाच लागतो. त्यासाठी मध्येच एक होकार मागितला जातो आणि तो दिल्यावर जुनी मांडणी परत आणण्याची सोय प्रस्थापना कार्यक्रमात नाही. शेवटी पुन्हा विचारतील या भरवशावर अनेकजण हा प्रश्न न वाचता पुढे जातात. डिस्कचे नाव व आकार पाहूनच होकार द्यावा. संगणकाला पेन ड्राइव्ह किंवा दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर अधिकच.

यानंतर खंडगटातील किती जागा वापरायची हे विचारले जाते. उत्तराच्या चौकटीत आधीच सर्व जागेचा आकडा भरलेला असतो. तो तसाच ठेवला, तर सगळी जागा आजच वाटून टाकली जाते आणि या पद्धतीचा मुख्य लाभ हातचा जातो. आकडा कमी करून काही जागा अवाटप ठेवणे इष्ट. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत तर २०० गिगाबाइटहून मोठ्या खंडगटातही मुख्य खंडाला आरंभी १०० गिगाबाइटच दिले जातात. डिस्क मोठी असूनही जागा कमी का दिसते, असा प्रश्न यातून निर्माण होतो. वस्तुतः उरलेली जागा खंडगटात शिल्लक असते.

उदाहरणादाखल ५०० गिगाबाइटच्या डिस्कची वाटणी पाहू. विक्रेता १००० च्या पटीत मोजतो आणि एलव्हीएम १०२४ च्या पटीत. त्यामुळे पडद्यावर सुमारे ४६५ दिसतात. यात दुकानदाराची लबाडी नाही. त्यातील अर्धा गिगाबाइट ईएफआय विभागाला व एक गिगाबाइट ‘बूट’ विभागाला द्यावा. हे दोन्ही खंडगटाबाहेर असतात : संगणक चालू होताना त्याच्या मूळ आज्ञावलीला ईएफआय विभागाची साधी फाइल प्रणालीच कळते, आणि ‘बूट’ विभाग बाहेर ठेवण्याची रीत सोयीची म्हणून टिकली आहे. उरलेल्या जागेचा भौतिक खंड करून त्यातून मुख्य प्रणालीला ४०, स्वॅपला ८ आणि वापरकर्त्यांच्या ‘होम’ खंडाला २०० गिगाबाइट दिले, तरी सुमारे २१५ गिगाबाइट शिलकीत राहतात. ‘होम’ वेगळा ठेवण्याचा लाभ पुढे दिसतो. प्रणाली नव्याने बसवताना मुख्य खंड पुसून ‘होम’ जसाच्या तसा जोडता येतो. मात्र तेव्हा त्याच्यापुढे विद्यमान मजकूर राखण्याचा पर्याय निवडलेला आहे की नाही, हे तपासावे.

कूटबद्ध खंडगटात संपूर्ण भौतिक खंडावर कुलूप असते आणि एकाच परवलीच्या वाक्याने मुख्य प्रणाली, स्वॅप व ‘होम’ ही सर्व उघडतात. संगणक चोरीला गेला तरी आतील मजकूर परक्याला वाचता येत नाही. उलटपक्षी परवलीचे वाक्य विसरले, तर तो मालकालाही मिळत नाही. प्रस्थापनेच्या वेळी डिस्क आधी निरर्थक मजकुराने भरली जाते, त्याला मोठ्या डिस्कवर तासन्‌तास लागतात. परवलीचे वाक्य रोमन लिपीत ठेवावे, कारण संगणक सुरू होताना ते मागितले जाते तेव्हा देवनागरी कळफलक सहसा उपलब्ध नसतो.

आकार बदलणे

तार्किक खंड आणि त्यावरील फाइल प्रणाली यांचे आकार वेगवेगळे असतात; एक बदलला म्हणजे दुसरा आपोआप बदलत नाही. वाढवताना आधी खंड वाढवायचा व नंतर फाइल प्रणाली. कमी करताना क्रम नेमका उलटा : आधी फाइल प्रणाली आक्रसायची, मग खंड. हा क्रम चुकून खंड आधी कापला, तर फाइल प्रणालीचे शेपूट तुटते आणि मजकूर नष्ट होतो. ‘एलव्हीएक्स्टेंड’ व ‘एलव्हीरिड्यूस’ या आज्ञांना फाइल प्रणालीचाही आकार बदलण्याचा जोडपर्याय असतो; तो दिल्यास दोन्ही कामे योग्य क्रमाने होतात.

सर्वच फाइल प्रणाली यात सारख्या लवचीक नाहीत. एक्स्ट-४ संगणक चालू असतानाच वाढते, पण कमी करण्यासाठी ती उतरवून ठेवावी लागते. एक्सएफएस वाढते, परंतु व्यवहारात कमी करता येत नाही. कोणत्या खंडाला आधी कमी जागा द्यावी याचा निर्णय यावरून घेता येतो. कमी दिलेले वाढवणे सोपे आहे; जास्त दिलेले परत घेणे कठीण.

जुनी डिस्क काढून नवी बसवायची असल्यास नवी डिस्क खंडगटात घेऊन ‘पीव्हीमूव्ह’ या आज्ञेने जुनीवरील एक्स्टेंट तिच्यावर हलवतात. हे काम चालू असताना संगणक वापरता येतो. मध्येच वीज गेली तर झालेल्या प्रगतीची नोंद राहते आणि तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम तेथून पुढे चालू होते. उन्हाळ्यात वारंवार वीज खंडित होणाऱ्या गावी या गुणाचे मोल अधिक आहे.

मर्यादा व गैरसमज

तार्किक खंड मजकुराचे रक्षण करतात, हा समज चुकीचा आहे. दोन डिस्क एका साध्या खंडगटात घेतल्या आणि एक तार्किक खंड दोहोंवर पसरला, तर कोणतीही एक डिस्क बिघडताच तो खंड निकामी होऊ शकतो. म्हणजे धोका कमी न होता वाढतो. जागा संपली म्हणून कपाटातील जुनी, वापरलेली डिस्क खंडगटात जोडणे यामुळेच घातक ठरते. प्रत्येक मजकुराची जुळी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याची सोय एलव्हीएममध्ये आहे, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागते.

‘स्नॅपशॉट’ म्हणजे खंडाची एका क्षणीची प्रतिमा. तिच्यात पूर्ण प्रत नसते. मूळ खंडातील एखादा भाग बदलण्यापूर्वी त्याचा जुना मजकूर तेवढा राखीव जागेत ठेवला जातो. ती राखीव जागा भरली की प्रतिमा बाद होते. अद्ययावतीकरण बिघडल्यास मागे जाण्यासाठी ती उपयुक्त आहे, परंतु ती त्याच डिस्कवर असल्याने तिला बॅकअप म्हणता येत नाही.

एकच डिस्क, एकच वापरकर्ता आणि एकच मोठा विभाग असलेल्या घरगुती संगणकाला या साऱ्याची फारशी गरज नसते. फेडोरा वितरणाने आपल्या वर्कस्टेशन आवृत्तीत ऑक्टोबर २०२० मध्ये (आवृत्ती ३३) एलव्हीएमऐवजी बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली मूळ निवड म्हणून स्वीकारली. तिच्यात अनेक उपखंड एकाच जागेतून परस्पर भागवून घेतात, त्यामुळे आकार ठरवण्याचा प्रश्नच बराचसा उरत नाही. सर्व्हरवर मात्र एलव्हीएमचा वापर मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

खंडगटाच्या नोंदवहीत बदल झाला की एलव्हीएम तिची मजकूर स्वरूपातील प्रत प्रणालीच्या ‘इटीसी’ निर्देशिकेतील ‘एलव्हीएम’ या कप्प्यात जपून ठेवते. मूळ नोंद बिघडल्यास या प्रतीवरून खंडांची मांडणी पुन्हा उभी करता येते. हा कप्पा मुख्य प्रणालीच्या खंडातच, म्हणजे बहुधा त्याच खंडगटात असतो. त्यामुळे त्याची एक नक्कल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवण्याचा प्रघात आहे.